जंतांची यादी

माझं लहानपण दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं, आणि तिथं जंत सगळ्यांना व्हायचे. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पोर झोपेत दात खायला लागलं की जंत. गालावर पांढरा डाग उठला की जंत. गूळ चोरून खाल्ला की जंत, आणि जेवायला नको म्हटलं तरी जंतच. पुढं लॅबचा कोर्स करताना कळलं की यातल्या निम्म्या लक्षणांचा जंतांशी काही संबंध नसतो. पण लक्षण चुकलं तरी निदान सहसा बरोबर यायचं, कारण कोणत्याही पोराकडं बोट दाखवा, त्याच्या पोटात काही ना काही असायचंच.

आमच्या रांगेत आठ बिऱ्हाडं होती. वडील लोको शेडमध्ये फिटर. आई महिन्यातून एका रविवारी वावडिंगाची पूड गुळात कालवून द्यायची. शेजारच्या बिहारी काकू पपईच्या बिया वाटून ताकात घालायच्या. पलीकडच्या मद्रासी मामींचा एरंडेलावर विश्वास होता आणि ते त्या कोमट कॉफीतून द्यायच्या, त्यामुळं मला कॉफी आवडायला तिशी उलटावी लागली. प्रत्येकीला आपलंच औषध खरं वाटायचं आणि शेजाऱ्यांच्या पोरांवर प्रत्येकीचा जीव होता, म्हणून आम्हाला तिन्ही मिळायची. राष्ट्रीय एकात्मतेवर मी पुढं पुष्कळ भाषणं ऐकली. प्रत्यक्षात ती पाहिली एरंडेलाच्या चमच्यात.

सोमवारी सकाळी नळावर भांडी घासताना निकाल लागायचा.

"पडला का हो?"

"पडला. हा एवढा." आणि राखेचा हात कोपरापर्यंत दाखवला जायचा.

"आमच्या धाकट्याचे दोन पडले." हे सांगताना आवाजात थोडा अभिमानही असायचा. कोणी कोणाला नावं ठेवायचं नाही. ठेवणार कोण? ज्याच्या घरी पडला नाही, त्याचं औषध कच्चं होतं, एवढाच अर्थ निघायचा.

हे सगळं सांगायचं कारण असं, की जंतांची लाज वाटते हे मला नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं.

नोकरी शिरूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात लागली, प्रयोगशाळेत. राहायला दौंडलाच, कारण नवरा कुरकुंभला शिफ्टवर. सकाळी एसटीनं न्हावऱ्यावरून जायचं, संध्याकाळी पावणेपाचच्या गाडीनं परत. मधे ऊस, कांदा, पुन्हा ऊस. लॅब म्हणजे आठ बाय दहाची खोली, एक बेसिन, एक टेबल आणि आरशावर चालणारा जुना मायक्रोस्कोप. वीज गेली की टेबल खिडकीशी ओढायचं आणि आरसा आभाळाकडं करायचा. तो मायक्रोस्कोप बदलून पुढं दिव्याचा नवीन आला, चांगला आहे म्हणतात. मला जुन्यातलं पिवळसर दुपारचं ऊन अजून आठवतं. त्या उन्हात मी निम्मं आयुष्य लोकांच्या पोटात डोकावत घालवलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

जंतांची अंडी दिसायला सुंदर असतात. गोल जंताचं अंडं हुबेहूब सीताफळासारखं, बाहेरून खडबडीत, तपकिरी. चाबकासारखा जंत असतो त्याचं अंडं म्हणजे छोटा मृदंग, दोन्ही तोंडं बुचानं बंद केलेला. आणि अनवाणी पायातून शिरून रक्त पिणारा जो आकड्याचा जंत, त्याचं अंडं काचेच्या पातळ वाटीसारखं, आत चार दाणे मांडून ठेवल्यासारखे. एवढी नीटनेटकी वस्तू एवढ्या ठिकाणाहून येते याचं नवल वाटायचं. केंद्रावर येणारी माणसं अशक्तपणा, चक्कर, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन यायची. स्लाइड लावली की यातलं एखादं दिसायचं. इतकं नेहमीचं, की काही नाही दिसलं तर मी काच पुसून पुन्हा बघायचे.

मग पोरांना शाळेतच जंताची गोळी द्यायची योजना आली. योजना चांगली होती. तिचं उद्घाटन शिरूरला झालं. मांडव, समई, शाली, नारळ. मोठ्या पाहुण्यांनी पाऊण तास कृमी या शत्रूवर भाषण केलं, आणि शत्रू ज्यांच्या पोटात होता ती पोरं तेवढा वेळ उन्हात बसली. मग एका पोराच्या तोंडात पाहुण्यांनी गोळी घातली. फोटोवाला म्हणाला, "साहेब, परत एकदा." नर्सनं हळूच पोराच्या कानात सांगितलं, "चावू नकोस, गालात धर." एकाच गोळीवर तीन फोटो निघाले.

त्यानंतर एका वर्षी वरून पत्र आलं की गोळ्यांचा उपयोग किती होतोय हे कळायला काही गावांतले शौचाचे नमुने तपासा. आमच्या वाट्याला आलेलं गाव घोड नदीच्या काठचं. गावठाणात वरची आळी, तिथं बागायतदारांची घरं. ओढ्याच्या अलीकडं खालची वस्ती, तिथं बौद्ध समाजाची. वेशीवर सिमेंटची कमान आणि तिच्यावर गाव हागणदारीमुक्त झाल्याचं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. संडास घरोघरी होते हे खरं. त्यातल्या काहींत कांदा होता, काहींत सरपण, आणि एकात मी स्वतः खताच्या गोण्या पाहिल्या.

गावच्या आशा सेविकेनं, आमच्या आशाताईंनी, झाकणाच्या छोट्या डब्या घरोघर वाटल्या, प्रत्येकीवर नावाची पट्टी. चौथ्या दिवशी त्या भरलेल्या डब्या कापडी पिशवीत घालून सिक्स सीटरनं केंद्रावर आल्या. घाम पुसत म्हणाल्या, "शेजारी बसलेल्या आजीबाई म्हणतात, पेढं हायत का गं? म्हणलं, व्हय, पन परसाद न्हाई."

मी कामाला बसले. खालच्या वस्तीच्या डब्या नीट भरलेल्या होत्या. तिथं आशाताईंबरोबर एक बाई घरोघर फिरल्या होत्या, "खरं द्या रं, मंग औशीद मिळंल" असं सांगत. या बाई शाळेत पोरांची खिचडी करायच्या. सगळी शाळा त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही. त्यांची स्वतःची डबी सगळ्यात वर. लावली. सीताफळं. खालच्या वस्तीच्या बऱ्याच डब्यांत काही ना काही निघालं. ज्यांच्यात निघालं त्यांची नावं मी लाल शाईनं लिहिली. सवय.

मग वरच्या आळीच्या डब्या. पहिल्या डबीत अंडं एकही नाही, पण अख्ख्या गिळलेल्या मेथ्या होत्या, फुगलेल्या, पिवळ्या. साखरेचा आजार असलेले बरेच म्हातारे सकाळी भिजवलेल्या मेथ्या गिळतात, तेव्हा ठीक. दुसरी डबी एका सहा वर्षांच्या मुलीची. तिच्यातही मेथ्या. तिसरी बाळंतिणीची, बाळंतिणीला मेथीचे लाडू असतात म्हणून ती सोडून दिली. चौथी नववीतल्या मुलाची. नववीतला मुलगा पहाटे उठून मेथ्या गिळत असेल तर तो मुलगा दाखवण्यासारखा. अशा नऊ डब्या निघाल्या. नऊ डब्यांत एकच पोट होतं, हे कळायला मायक्रोस्कोपही लागत नव्हता. काही डब्या रिकाम्याच आल्या होत्या. आणि एकीत चक्क शेण होतं. म्हशीचं असावं. त्या म्हशीला मात्र जंत होते.

मी एकटीच हसले. मला त्यांचं गणित कळत होतं. साहेब तपासणीला येणार म्हटलं की शाळेत हुशार पोरं पुढच्या बाकावर बसवायची, मठ्ठ पोरांना त्या दिवशी घरी राहा म्हणायचं, ही आपली जुनी रीत. वेशीवर कमान असलेल्या गावानं तपासणीला आपलं सगळ्यात चांगलं पोट पुढं केलं, यात नवल ते काय?

पण फॉर्मवर मेथ्यांसाठी रकाना नव्हता. शेरा लिहायला जागा होती, एक ओळ. ती मी रिकामी सोडली. नऊ नावांपुढं निळ्या शाईत "आढळले नाही", बाकीच्यांपुढं "नमुना नाही" लिहिलं, रजिस्टर मिटलं आणि पावणेपाचची गाडी पकडली.

आठवड्याभरानं आशाताईंचा फोन आला. रजिस्टरची प्रत ग्रामपंचायतीकडं माहितीसाठी गेली होती. तिथं कोणीतरी मोबाईलवर पानाचा फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, वरच्या आळीचं अभिनंदन. खाली अंगठे, टाळ्या, फुलं. पान रंगीत होतं. लाल नावं सगळी खालच्या वस्तीची आणि सगळ्यात पहिलं मावशींचं.

"बाई, मावशीचं काम जातंय बघा," आशाताई म्हणाल्या. "शनवारी शाळा समितीची मीटिंग हाय. दरसालचा ठराव असतो ना, कोन शिजवनार त्याचा. म्हनत्यात, जंत असलेल्या बाईच्या हातचं पोरांनी खायचं न्हाई."

वरच्या आळीतल्या काही घरांना मावशींच्या हातचं आधीही नको होतं. पण त्याचं खरं कारण चारचौघांत उच्चारायची सोय राहिली नव्हती. आता त्यांना सरकारी कागद मिळाला होता. माझ्या अक्षरातला.

दुसऱ्या दिवशी दुपारची सुटी टाकून मी मावशींच्या घरी गेले. पन्नाशीच्या, काटक, कपाळाला आठी. ओट्यावर तूर पाखडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं नाही.

"बसा. च्या घेताय का जंत असलेल्या घरचा?"

"घेते," मी म्हटलं.

चहा आला. मग त्यांनी विचारलं, "ते लाल शाईनं का लिवता हो तुमी?"

"सवय आहे, मावशी."

"म्हंजी कशी सवय?"

"लवकर सापडतं. शाळेत नाही का, चुकलं की लाल करायचे."

"मंग हितं चुकलं कोन?"

मग त्याच सांगत गेल्या, आवाज न चढवता. "आशाताईनं मला गोळी दिली ती शाळंच्या पडवीत, समद्यांम्होरं. चार बाया बघाया आल्या व्हत्या, गिळती का न्हाई. बरं, गिळली. त्याचं काय न्हाई. पन ह्याच शाळंत मी ल्हान असताना वंजळीनं पानी पेलीय, बाई. भांडं वरनं धरायचे, शिवायचे न्हाईत. आता अकरा वर्सं झाली, त्याच शाळंत समद्यांच्या ताटात मी वाढती. वरच्या आळीची पोरं मावशे, आजून वाढ म्हनत्यात. मला दुसरं काम मिळंल. खुरपायला जाईन. पन ती जागा परत न्हाई मिळायची."

मग मी त्यांना मेथ्यांचं सांगितलं. सहा वर्षांची मुलगी, बाळंतीण, नववीतला मुलगा, सगळं. मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आप्पांच्या मेथ्या! आवो, आख्ख्या गावाला म्हाईत हायत. पारावर बसलं की दुसरा इषय न्हाई. माझं पोट बघा, सकाळी सहाला घड्याळ लावून घ्या म्हनत्यात!"

हे आप्पा म्हणजे समितीच्या अध्यक्षांचे वडील. ऐंशीच्या घरातले, वरच्या आळीतल्या सगळ्यात मोठ्या घरातले.

हसू ओसरलं. मावशींनी डोळे पुसले आणि विचारलं, "तुमाला तवाच कळलं व्हतं?"

"हो."

"मंग तवाच का न्हाई लिवलं?"

"गाडीची वेळ झाली होती."

"गावली का गाडी?"

"गावली."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा सूप उचललं.

आजवर बऱ्याच साहेबांनी मला बोलणी खायला लावली आहेत. त्या दोन शब्दांइतकं मला कोणी काही बोललेलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा. समिती पडवीत बसली होती, पोरं वर्गात, मावशी पत्र्याच्या शेडमध्ये चुलीपाशी. मी न बोलावता गेले. केंद्राच्या डॉक्टरांना सांगून गेले होते. ते म्हणाले, चूक तुमची आहे, निस्तरा. आवारातल्या लिंबाखाली आप्पा खुर्ची टाकून बसले होते. गावातली कुठलीही मीटिंग त्यांना चुकवायची नसायची.

अध्यक्ष पांढऱ्या कपड्यातले, पंचेचाळिशीचे, बोलायला मृदू. म्हणाले, "बाई, आम्हाला कोणाचा राग नाही. पण पोरांच्या आरोग्याचा प्रश्न आहे."

मी आधी शास्त्र सांगितलं. गोल जंताचं अंडं पोटातून बाहेर पडलं की लगेच कोणाला काही करत नाही, त्याला दोन-तीन आठवडे मातीत मुरावं लागतं, तेव्हा कुठं ते दुसऱ्याच्या पोटात रुजतं. खिचडी तर उकळते. जंत येतात ते मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, अनवाणी पायांतून, आणि ज्या संडासात कांदा ठेवलाय त्याच्या मागच्या शेतातून. समितीतल्या एकानं जांभई दिली. अध्यक्ष म्हणाले, "ते असेल. पण कागद कागद आहे. वरच्या आळीत एक नाही, खालच्या वस्तीत इतके. हे तुम्हीच लिहिलंय."

"मीच लिहिलंय आणि अर्धवट लिहिलंय," मी म्हटलं. "वरच्या आळीच्या नऊ डब्यांत मला मेथ्या दिसल्या. अख्ख्या. नऊच्या नऊ डब्या एकाच माणसाच्या आहेत. तो रोज सकाळी मेथ्या गिळतो."

शास्त्र त्यांना कळलं नव्हतं, मेथ्या लगेच कळल्या. कोणी कोणाकडं बघितलं नाही आणि तरी सगळ्यांच्या माना लिंबाकडं वळल्या. मागं उभ्या असलेल्या बायांतली एक फिसकन हसली.

"बघताय काय?" आप्पा खुर्चीतूनच ओरडले. "व्हय, माझ्याच हायत!"

"आप्पा, तुम्ही घरी चला," अध्यक्ष उठले.

"गप रं. सुनांनी आनून दिल्या डब्या. शेजारच्या बी आल्या. म्हनल्या, आप्पा, तपासनी हाय, तुमच्यासारकं पोट गावात न्हाई, गावाच्या अब्रूचा सवाल हाय. आता अब्रूचा सवाल म्हनल्यावं मी काय न्हाई म्हनू? तीन दिस लागलं मला. नऊ डब्या म्हंजी एका दिसाचं काम हाय व्हय?"

आता बाया उघड हसत होत्या. समितीतला जांभईवाला गृहस्थ रुमाल तोंडाला लावून खोकत होता.

"आन् त्यात एक शेनाची आसंल," आप्पांनी खुलासा केला, "ती माझी न्हाई. धाकट्या सूनबाईला दम निघाला न्हाई, तिनं गोठ्यातनं भरली."

"त्या म्हशीला औषध द्या," मी म्हटलं. "तिला जंत आहेत."

हशा थांबल्यावर आप्पांचा आवाज उतरला. शेडकडं बघत म्हणाले, "पन ह्यापायी तिची जागा जाईल, आसं मला कुनी सांगितलं न्हवतं. आसं आसतं तर नसतं भरलं."

मावशी शेडच्या दारात येऊन उभ्या होत्या, हातात पळी.

तुम्हाला वाटेल की तिथंच निकाल लागला. समित्यांचे निकाल असे लागत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, नमुने पुन्हा घ्या, मग ठरवू, तोवर मावशींनी घरी थांबावं. तेवढा आठवडा खिचडी अध्यक्षांच्या भावजयींनी केली. ती वाईट झाली नाही, हेही सांगितलं पाहिजे. माणसाची जागा चवीवर ठरते असं समजण्याइतकी मी भोळी नाही.

मी दोन दिवस पहाटेच्या पहिल्या गाडीनं आले आणि वरच्या आळीत एका घराच्या पायरीवर डब्या घेऊन बसले. आशाताई खालच्या वस्तीत. पट्ट्यांवर या वेळी नावं नव्हती, नुसते आकडे. कुठला आकडा कोणाचा, ते फक्त माझ्या वहीत. पहिल्या सकाळी आळीनं माझ्याकडं पाठ फिरवली. एक बाई झाडता झाडता म्हणाली, "किती दिस बसनार हाय?" मी म्हटलं, "पोट साफ होईपर्यंत." ती हसली. मग चहा आला, आणि चहामागून डब्या यायला लागल्या. एका सासूबाईंनी डबी देताना विचारलं, "बाई, आमच्यात बी निघंल का वो?" लहानपणी नळावर ऐकलेल्या बाया मला आठवल्या. म्हटलं, "निघेल. माझ्यातही निघत होते. हे एवढे." आणि हात कोपरापर्यंत दाखवला. त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि त्यांच्या माहेरी काय काय औषधं द्यायचे ते सांगायला लागल्या. डिकेमालीवर आमचं एकमत झालं. ती सकाळ माझ्या सगळ्या नोकरीतल्या चांगल्या सकाळींपैकी एक.

वरच्या आळीत तेच निघालं जे ओढ्याच्या अलीकडं निघालं होतं. सीताफळं, मृदंग, काचेच्या वाट्या. अध्यक्षांच्या घरातही निघालं. नदी एक, माती एक, भाजी त्याच मातीतली. जंतांना आळी कळत नाही. एकटे आप्पा स्वच्छ निघाले. म्हाताऱ्याची बढाई खरी होती. मी अख्खं पान निळ्या शाईत लिहिलं, गावाचा एकच आकडा वर कळवला आणि मेथ्यांचा शेरा जुन्या पानावर माझ्या सहीनिशी लिहिला. त्याबद्दल वरून मला एक खरमरीत पत्र आलं. ते बरोबरच होतं.

अध्यक्षांना मी त्यांच्या घरचा निकाल एकट्याला सांगितला. त्यांनी मोबाईल खालीवर केला. मग म्हणाले, "ग्रुपवर टाकू नका."

"मी मागचाही टाकला नव्हता," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मावशींना निरोप पाठवला की ठराव झाला, सोमवारपासून या. मावशींनी उलट निरोप पाठवला. येते, पण एक अट आहे. माझं नाव लाल झालं तेव्हा मी पडवीत समद्यांम्होरं गोळी खाल्ली, आता समितीनं खावी. तिथंच, माझ्याम्होरं.

डॉक्टरांनी मोठ्यांसाठीही गोळ्या दिल्या. सोमवारी पोरं मैदानात रांगेत बसली, समिती पडवीत खुर्च्यांवर. अध्यक्षांनी भाषणाचा कागद काढला. मावशी स्टीलच्या ताटात गोळ्या घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. कागद परत खिशात गेला.

पण आधी आप्पांनी हात पुढं केला.

"आप्पा, तुमच्यात काही निघालं नाही," मी म्हटलं. "तुम्हाला नको."

"नऊ जनांचं पोट झालो, तवा नको म्हनलो का?" आप्पा म्हणाले. "आन हिकडं."

"चावून खायची, आप्पा," मावशी म्हणाल्या. "मेथीवानी गिळायची न्हाई."

आप्पांनी चावली, तोंड वाकडं केलं, "ग्वाड हाय की" म्हणाले. मग एकेक सदस्य. अध्यक्षांनी गोळी उचलली, तोंडात टाकली आणि मैदानाकडं बघायला लागले. मावशी हलल्या नाहीत. पोरांना गोळी दिली की त्या जे म्हणायच्या तेच म्हणाल्या, तेवढ्याच साध्या आवाजात.

"तोंड उघडा."

अध्यक्षांनी मावशींकडं बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यांनी तोंड उघडलं, चांगलं मोठं, पुढच्या रांगेतल्या पोरांनाही दिसेल असं. मावशींनी आत डोकावून बघितलं, मान हलवली आणि ताट माझ्या हातात दिलं.

पदर खोचत त्या शेडकडं निघाल्या. आत गेल्या गेल्या त्यांचा आवाज आला, "तांदूळ कुनी भिजवल्यात गं? लई पानी घातलंय." आणि मग दारातून डोकं काढून गुरुजींना, "आज पोरं किती हायत?"